अँटिबॉडी नाहीत म्हणून लस फसली?

स्वयंसेवकांच्या रक्तात अँटिबॉडी वाढल्या नाहीत म्हणजे पेप्टाइड लस (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यापासून बनवलेली लस) फसली, हे म्हणणं पटलं नाही. टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) जागवायला बनवलेल्या लशीचं माप अँटिबॉडीवरून कसं काढणार? त्यासाठी एलिस्पॉट नावाची तपासणी करतात: प्लेटच्या खळग्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी लशीतल्याच पेप्टाइडसोबत ठेवायच्या, इंटरफेरॉन गॅमा (जागी झालेली टी पेशी सोडते ते प्रथिन) सोडणारी प्रत्येक पेशी आपल्या जागी एक ठिपका उमटवते. पेप्टाइडविना ठेवलेल्या खळग्यांतही थोडे ठिपके येतातच, तेव्हा त्यांच्याशी ताडून न पाहिलेला आकडा बिनकामाचा.

आणि एचएलए प्रकार? एचएलए म्हणजे टी पेशींना पेप्टाइड दाखवणारी, पेशींवरची प्रथिनं; ती माणसागणिक वेगळी असतात. ८-१० अमिनो आम्लांचा तुकडा एचएलए-ए२ साठीच बेतलेला असेल, तर तो प्रकार नसलेल्या स्वयंसेवकाच्या टी पेशी बहुधा ढिम्म हलणार नाहीत. म्हणूनच २००९ साली निष्कर्ष आलेल्या नेदरलँड्समधल्या एचपीव्ही-१६ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एक विषाणू) विरुद्धच्या लशीच्या चाचणीत लांब पेप्टाइड वापरले होते; त्यांतून वेगवेगळ्या एचएलए प्रकारांना जुळणारे तुकडे निघू शकतात.