टाकीखालची माती उचलली म्हणजे तपास संपला का?

मातीपाणी:
पेट्रोलची जमिनीखालची टाकी गळली की ती उपसायची, वास मारणारी माती उचलायची, खड्ड्यात मुरूम टाकायचा आणि फाइल बंद, असं सर्रास चालतं. माझं ठाम मत आहे की भूजल तपासल्याशिवाय खड्डा बुजवूच नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते झिरपत भूजलाच्या पातळीपाशी पोचतं आणि तिथे आडवं पसरतं. ऋतूप्रमाणे पातळी वरखाली झाली की तेही तिच्याबरोबर हलतं आणि तेवढा सगळा थर माखून टाकतं. हा थर खड्ड्याच्या बराच पलीकडे गेलेला असू शकतो.

खणकर:
साफ असहमत. गळती थांबली, माती गेली, मग उरलं किती? आणि उरलेलं जमिनीतले जिवाणू खातात. भूजल तपासायला विहिरी पाडण्यात घालवायचा पैसा माती उचलण्यात लावा. शिवाय बोअर मारणं निर्धोक नाही. वरच्या दूषित थराखाली चिकणमाती आणि त्याखाली स्वच्छ पाणी असेल, तर तुमचं भोकच पेट्रोलला खाली उतरायची वाट करून देतं.

मातीपाणी:
बोअरचा धोका खरा आहे. म्हणूनच निरीक्षण विहीर, म्हणजे पाणी तपासायची बोअर, चिकणमातीच्या वरच थांबवायची आणि केसिंगभोवतीची पोकळी बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीने, बंद करायची. जिवाणू खातात हेही खरं, पण या जागी खातायत का? ते पाणीच सांगतं. खात असतील तर विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट घटलेले आणि लोह, मिथेन वाढलेले दिसले पाहिजेत. न मोजता जिवाणूंवर सोडून देणं म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. पेट्रोलमधल्या बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि बेन्झीनचा वास जाणवेपर्यंत ती केव्हाच ओलांडलेली असते.

झरा:
मी मातीपाणी यांच्या बाजूने, पण विहिरी कशाही पाडून चालत नाही. किमान तीन हव्यात आणि एका रेषेत नकोत, नाहीतर पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते कळत नाही. पाइपचा जाळीदार भाग पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे यायला हवा. तो पूर्ण पाण्यात बुडाला तर तरंगणारं पेट्रोल विहिरीत शिरतच नाही आणि अहवालात बेधडक ‘तवंग आढळला नाही’ असं येतं.

खणकर:
आणि खाली भेगाळलेला खडक असेल तर? पाणी भेगेभेगेने पळतं. तीन विहिरींचं गणित तिथे कोसळतं.

झरा:
कोसळतं, मान्य. तिथे आधी आसपासच्या वापरातल्या विहिरींचं पाणी तपासा. नमुन्याची कुपी काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि लगेच बर्फात ठेवा. नाहीतर बेन्झीन प्रयोगशाळेत पोचण्याआधीच उडून जातं.

खणकर:
ठीक, पण तोवर माती उचलणं थांबवायचं नाही. तवंग आज निघाला तर उद्याचं पाणी तेवढं कमी बिघडेल.

मातीपाणी:
उचला ना, तवंगही उपसा. माझा विरोध आहे तो मुरूम टाकायच्या घाईला.