सोलापूरहून विमान: हवेत किती, दारातून दारात किती?

होटगीरोडकर
मुंबईला विमानानं जाऊन आलो आणि घरात वाद पेटला. पोरगा म्हणतो तासाभराचा प्रवास, मी म्हणतो अर्धा दिवस गेला. सोलापूर-मुंबई सरळ रेषेत साधारण ३६० किलोमीटर, रेल्वेनं ४५५. चाकं उचलली तेव्हा घड्याळ पाहिलं, टेकली तेव्हा पुन्हा पाहिलं: ५२ मिनिटं. त्यातली शेवटची दहा-बारा मुंबईवर घिरट्या घालण्यात. उजनीचं पाणी मात्र झकास दिसलं. तिकिटावर वेळ जास्त लिहिलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर जागेवर लागणं हेही त्यात धरतात. घरातून निघालो ते अंधेरीला बहिणीच्या दारात, साडेचार तास!
तुमचेही सांगा. तिकिटावरचे आकडे नकोत, स्वतःच्या घड्याळातले.

जुळेसोलापूरची
आम्ही मोपाला गेलो. ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा सुरू झाली, त्याच पावसाळ्यात. पंख्याचं विमान. माणसांनी मागच्या दारानं चढायचं, सामान पुढं. पंख छपराला असल्यानं कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं. सरळ रेषेत तीनशेच्या आसपास किलोमीटर, पण रस्ता काही सरळ जात नाही. मुलं, चहा, घाटातली उलटी धरून गाडीनं आम्हाला नऊ तास लागतात. विमानानं हवेत तासाच्या आत.
सासूबाईंची पहिलीच वेळ. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा. तपासणीवाल्यानं डबा उघडायला लावला, सगळ्या रांगेला लसणाचा वास. त्यानं वाकून पाहिलं, झाकण स्वतःच घट्ट लावलं आणि म्हणाला, "आजी, तेल सांडंल." सह्याद्रीवर आलो तर नुसते ढग. असा हादरा बसला की सासूबाईंनी माझं मनगट धरलं, बांगडी रुतली. परतीला म्हणाल्या, "रेल्वे नाही का गं?"

काय_बे_सोलापूर
दुपारचं मुंबई विमान. आधी उशीर, मग आणखी उशीर, मग रद्द. पैसे परत आले, दिवस आला नाही. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला लोंबकळत गेलो, जनरलमध्ये. रिझर्वेशन असतं तर सांगतो बे, सिद्धेश्वरसारखं विमान नाही. रात्री झोपा, सकाळी मुंबई. झोपेतला वेळ मोजायचाच नसतो.

होटगीरोडकर
हा हिशोब पटला. पण मला त्याच दिवशी पोचायचं होतं ना!

ऊसवाला
ही मिनिटं आमच्याकडूनही मोजा. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. माझा ऊस तिथंच जातो. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीवर कुणी कुणाशी बोललं नाही.
आणि आता खरं सांगतो, गेल्या महिन्यात मीही गेलो. बायकोचं ऑपरेशन होतं मुंबईला, रेल्वेत बसवणार कसं तिला? दोन-दोनची बाकडी, मधली सीट नाही, तिला पाय थोडे पसरता आले. घर ते दवाखाना पाच तास, तेही मुंबईच्या ट्रॅफिकमुळं.
विमान उठलं तसा मी खिडकीला नाक लावून चिमणीची जागा शोधत होतो. बायको म्हणाली, "काय बघताय?" म्हटलं, आपलं शेत.