अनुभव धागा: वर्गातला एक आठवडा, सोमवार ते शुक्रवार

शाळेतले उपक्रम म्हटलं की फोटोच समोर येतात, रंगीत कागद, भिंतीवरचे तक्ते, हसरी मुलं. सोमवारी सुरू केलेलं शुक्रवारपर्यंत कुठल्या कुठे जातं ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. पहिली ते चौथी. शिक्षक असाल, पालक असाल, नाहीतर स्वतः कधीकाळी त्या बाकावर बसला असाल, एखादा आठवडा नीट तपशिलात लिहा. फसलेला असेल तर आणखी छान.

सुरुवात मीच करते. तिसरीचा वर्ग, विषय लांबी. सोमवारी टेबल वितीने मोजायला लावलं. कुणाच्या सहा विती आल्या, कुणाच्या साडेसात, एकाच्या चक्क नऊ, मग "तू बोटं आखडतोस" वरून जी जुंपली ती जुंपलीच. मी मधे पडले नाही. मंगळवारी मुलांनीच तोडगा काढला की सगळ्यात उंच मुलाची वीत खरी धरायची, मग कुणीतरी विचारलं तो आला नाही तर काय, म्हणून त्याच्या वितीएवढे दोरे कापून सगळ्यांनी वाटून घेतले. बुधवारी पट्टी दिली तर अर्धा वर्ग १ च्या खुणेपासून मोजतोय! बरोबरच आहे ना, मोजायचं म्हणजे एकपासून हे पहिलीपासून आपणच डोक्यात भरवलेलं असतं. गुरुवारी मग मुद्दाम सुरुवातीचा भाग मोडलेली पट्टी दिली, पेन्सिल ४ पासून ११ पर्यंत ठेवली. बहुतेक म्हणाले ११. काही म्हणाले ८, त्यांनी खुणा मोजल्या होत्या. एक मुलगी मात्र दोन खुणांमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवत ठेवत गेली, आणि हळूच म्हणाली सात. तिलाच फळ्यापाशी बोलावलं. शुक्रवारचा प्लॅन बाजूला ठेवला, दिवसभर मोडकी पट्टीच चालली.

*

मस्त धागा. माझं बियांचं. आठवड्यात काहीतरी दिसायला हवं असेल तर मूग घ्या, एक-दोन दिवसांत मोड येतात, राजमा बरेचदा आठवडा खातो आणि मुलं कंटाळतात. आणि कुंडीत अजिबात नको, रोज उकरून बघतात! काचेच्या ग्लासात ओला टिश्यू आणि काच नि टिश्यूच्या मधे बी, म्हणजे सगळं बाहेरून दिसतं. मी एक बी मुद्दाम उलटं लावते. मूळ वर येणार का खाली जाणार यावर वर्गात पैजा लागतात, ते वळून खालीच जातं, पण स्वतः बघितल्याशिवाय एकही जण मानत नाही. सोमवारीच लावा, कारण शनिवार-रविवारी टिश्यू सुकला की खेळ खलास.

*

पालक म्हणून लिहितेय, जरा कडवट वाटेल. आमच्याकडे "थीम वीक" असतो. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या ज्वालामुखीचं मॉडेल आणा. दुसरीतलं मूल ज्वालामुखी बनवणारे का? बनवतो आम्ही, मूल झोपलेलं असतं, आणि बक्षीसही आम्हालाच मिळतं म्हणायचं. शिकलं कोण तर बाबा.

*

ताई, अगदी खरं. मी घरून रद्दी कागद सोडून काही मागवत नाही, जे करायचं ते वर्गात आणि मुलांच्या हातून, मग वाकडं झालं तरी चालेल.

माझा वर्ग मोठा आहे, त्यामुळे अर्धा वेळ साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यात जातो हे आधीच धरून चालते. दुसरीला वजाबाकी घेतली, काड्या आणि रबरबँड. दहा काड्यांची एक जुडी. ५२ मधून २७ काढायचे. सुट्या दोनच, हवेत सात, म्हणजे एक जुडी सोडायची. तर एक पठ्ठ्या जुडी सोडेचना, "मी बांधलीये, मी नाही सोडणार." शेजारणीकडे उसन्या पाच काड्या मागायला गेला. तिने दिल्या नाहीत. मग तोंड फुगवून स्वतःची जुडी सोडली, बारा झाल्या, सात काढल्या, उरलेल्या चारातल्या दोन जुड्याही काढल्या, उरल्या पाच सुट्या आणि दोन जुड्या. नंतर वहीत हातच्याचं गणित आलं तेव्हा हाच सगळ्यांना सांगत होता की जुडी सोडावीच लागते रे.

*

मी शिक्षक नाही, चौथीतलं आठवतंय ते लिहितो. मैदानात काठी रोवून बाई दर तासाला सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लावायच्या, आठवडाभर. आम्हाला खात्री की बाराला सावली सगळ्यात छोटी. नव्हती! कारण घड्याळाची वेळ मोठ्या प्रदेशाला एकच असते, सूर्य डोक्यावर यायची वेळ मात्र जागेप्रमाणे बदलते. हे बाईंनी तेव्हा सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या उद्या दहा-दहा मिनिटांनी खुणा करा. त्या आठवड्यातलं बाकीचं काही आठवत नाही, ही सावली मात्र पक्की आठवते.

*

थोडं विरोधी मत. उपक्रमानंतर बोलणं झालं नाही तर तो नुसता टाइमपास असतो. कागदाची वर्तुळं कापून अपूर्णांक शिकवलेला एक वर्ग पाहिलाय, कापणं सुरेख, रंगवणं सुरेख, आणि अर्ध्याचं अर्धं किती विचारलं तर सगळे गप्प. तेव्हा रोज एक नवीन काहीतरी करण्यापेक्षा वर पट्टीचं लिहिलंय तसं एकच आठवडाभर चालवणं मला जास्त पटतं.

*

मुगाचा प्रयोग चालू केलाय, पण टिश्यूला बुरशी आली. टाकून देऊ का?

*

पाणी जास्त होतंय. टिश्यू ओलसर हवा, बी बुडालेलं नको, ग्लासवर झाकणही नको. बुरशीवाला ग्लास टाकू नका, पारदर्शक पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि बाहेरूनच भिंगाने दाखवा, पिशवी कुणी उघडायची नाही. दुसरा ग्लास नव्याने लावा.