प्रतिसाद: स्कॅन स्वच्छ आला तरी
स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूत संसर्ग नाही, हे वरचे मत मला पटत नाही. क्रिप्टोकॉकस या यीस्टमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे माझे मामा तीन आठवडे डोकेदुखीने कण्हत होते, आणि लातूरचा मे महिना असल्याने आम्ही सगळे ऊन लागले असे समजून त्यांच्या तळपायांना कांदा चोळत राहिलो. निदान झाले ते पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्याच्या तपासणीत: इंडिया इंक या शाईच्या काळ्या पार्श्वभूमीवर, भोवती स्वच्छ वलय असलेल्या यीस्टच्या गोल पेशी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवण्यात आल्या. या आजारात कवटीतील दाब धोकादायक वाढतो, त्यामुळे अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध चालू असतानाही ते पाणी पुन्हा पुन्हा काढावे लागते. ज्या सुईला मामा सर्वाधिक घाबरत होते, तिनेच त्यांचे डोके त्या संध्याकाळी हलके झाले.