भाचीसाठी विणलेली टोपी मलाच बसतेय! मदत हवी आहे

नमस्कार. विणकामातल्या जाणकारांनी जरा धावून या.

भाची चौदा महिन्यांची आहे. भावाची बदली दिल्लीला झालीय, डिसेंबरअखेर सगळे तिकडे जाणार. बारशाला मी कुंची तुळशीबागेतून विकत आणली होती, त्यावरून आई अजून ऐकवते. म्हणून म्हटलं, या वेळी टोपी तरी हातची करू. शाळेत असताना एक मफलर विणला होता, त्यानंतर सुया हातात धरल्या त्या आत्ता.

एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून विणली. एक ते दोन वर्षांच्या बाळासाठी ९६ टाके, डबल निटिंग (मध्यम जाडीची) लोकर, ६ नंबरच्या सुया. सगळं तसंच घेतलं. टाके तीनदा मोजले. काठ दोन सुलट दोन उलट, पुढे एक ओळ सुलट, एक उलट. टोपी झाली ५३ सेंटिमीटर घेराची! भाचीचं डोकं ४६ आहे (भुवयांच्या आणि कानांच्या जरा वरून टेप फिरवून मोजलं). तिला नाकापर्यंत येते, मला मात्र झकास बसते. शिवाय वीण इतकी सैल की उजेडाकडे धरली तर पलीकडचा पंखा दिसतो. आणि वर मोदकासारखं टोक आलंय ते वेगळंच.

आई म्हणते, गरम पाण्यात घाल, आटेल. मी म्हणते, उसवून ८० टाक्यांवर करावी. कोणाचं ऐकू?

दोनसुया: दोघींचंही नको. आधी सांग, लोकर खरी की अॅक्रिलिक? सुया कुठून घेतल्या? आणि सपाट भागावर टेप ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोज. कडेचे टाके धरू नकोस, मधले मोज.

धागाकर्ती (म्हणजे मीच, प्रश्न विचारणारी): पट्टीवर १०० टक्के अॅक्रिलिक लिहिलंय. सुया लक्ष्मी रोडवरून घेतल्या, मागच्या बाजूला ६ कोरलेलं आहे. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके. व्हिडिओत २२ सांगितले होते, पण चार टाक्यांनी असा काय फरक पडणार म्हणून सोडून दिलं.

दोनसुया: सापडलं. अगं, तुझी काही चूक नाही, नंबरांनी फसवलं तुला. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे, आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. त्यांची ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. आपली ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. तुला हवी होती आपल्याकडची ८ नंबर. गंमत म्हणजे त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची असते, म्हणजे ६ आणि ८ यांनी जागा अदलाबदल केल्यासारखंच आहे. म्हणून व्हिडिओ कुठलाही असो, नंबर बघायचाच नाही, मिलिमीटर बघायचे.

आता हिशेब बघ. ९६ टाके भागिले १८, गुणिले १०, म्हणजे ५३. तेच टाके २२च्या हिशेबाने ४४च्या आसपास येतात. डोक्यापेक्षा टोपी दोनतीन सेंटिमीटर लहानच हवी, ताणून बसते. म्हणून ८० टाके करू नकोस. त्या जाड सुयांवर माप येईल, पण वीण तशीच जाळीदार राहील आणि दिल्लीचा वारा आरपार जाईल. टाके ९६च ठेव, सुया बदल.

आणि आईंना सांग, अॅक्रिलिक आटत नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून नमदा (जाड, घट्ट कापडासारखी) होते, अॅक्रिलिक फार तर लुळं पडेल.

उलटसुलट: सहमत. मोदकाबद्दल सांगते. किती ओळींनी टाके कमी केलेस?

धागाकर्ती: दर चौथ्या ओळीला. घाई केली तर टोपी आखूड होईल अशी भीती वाटली.

उलटसुलट: म्हणूनच टोक आलं. डोकं वरून जवळजवळ सपाट असतं, तिथे टाके भराभर कमी करावे लागतात. दोन सुयांवर विणतेस तर ९८ घाल, दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जाईल. काठ धरून १२ सेंटिमीटर झाले की उरलेल्या ९६चे बारा-बाराचे आठ भाग समज. दहा सुलट, दोनाचा एक, असं आठ वेळा. पुढची ओळ नुसती उलट. मग नऊ सुलट, दोनाचा एक. असं एकाआड एक ओळ करत ४८ टाक्यांवर ये. तिथून प्रत्येक ओळीला कमी कर, उलट बाजूनेही दोन उलट एकत्र. शेवटी कडांचे धरून दहा टाके उरतील. धागा लांब ठेवून तोड, सगळ्या टाक्यांतून ओव आणि आवळून टाक. उंची १७-१८ सेंटिमीटर येईल, या वयाला पुरते.

काठ दुमडायचा असेल तर तो दुप्पट विण, नाहीतर दुमडल्यावर टोपी कानांच्या वर चढते. वर दुमडला जाणारा भाग १२ सेंटिमीटरच्या मापात धरायचा नाही. आणि टाके घालताना हात घट्ट असेल तर तुझ्या त्या ६ नंबरच्या सुईवर घाल, पहिली ओळ ८ नंबरवर घे. कपाळावर वळ उठत नाहीत. म्हणजे त्या सुया अगदीच वाया नाही गेल्या!

धागाकर्ती: उसवायला घेतलीय. धागा नूडल्ससारखा कुरळा निघतोय, याच लोकरीची करू का नवी आणू?

दोनसुया: हीच वापर. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात भिजव आणि न पिळता टांगून वाळव. बराचसा कुरळेपणा जातो. कुरळ्या धाग्याने विणलंस तर टाके लहानमोठे दिसतील.

नागपूरची_आजी: मुलींनो, एक राहिलंच. एवढं पोर टोपी डोक्यावर ठेवत नाही, माझा नातू दोन मिनिटांत भिरकावतो. आमच्या वेळी टोपड्याला नाड्या असायच्या, पण लांब नाड्या लावू नकोस, गळ्याशी अडकतात. हनुवटीखाली आखूड पट्टी आणि एक बटण पुरे. बटण दुहेरी दोऱ्याने शिव आणि दर धुण्यानंतर ओढून बघ, या वयात सगळं तोंडात जातं. घरात झोपवताना टोपी काढायची, पोर घामेजतं. बोचत असेल तर जुन्या मलमलचं अस्तर लाव, फक्त काठाला लावू नको, नाहीतर काठ ताणला जाणार नाही.

धागाकर्ती: आजी, सगळ्यांचे खूप आभार! काल ८ नंबरच्या सुया आणल्या. या वेळी आधी २८ टाक्यांचा तुकडा विणून बघितला, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके, अगदी नेमके. काठ झालाय, उजेडाला धरला तर पंखा दिसत नाही. आईने विचारलं, वर गोंडा नाही का लावणार?

नागपूरची_आजी: तीन वर्षांची झाली की लाव.