पांडुरंग आणि मनीचे मरण

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग याचे वडिलांशी असलेले तुटकपण म्हणजे केवळ दोन पिढ्यांचा संघर्ष, हे मत मला अपुरे वाटते. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, आणि त्यानंतर बापलेकांमध्ये जे साचत जाते, त्यात रागाइतकाच अपराधभावही आहे असे मी मानतो. वडिलांच्या पैशावर पुण्यात काढलेली, पदवीविना संपलेली वर्षे त्यात भरच घालतात.

आमच्या खानदेशातल्या रावेरकडच्या घरात हे मी जवळून पाहिले आहे. माझी एक आत्या लहानपणीच तापाने गेली आणि तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी उच्चारत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आजोबा लिंबाला झोका बांधून देत, दोर दोनदा ओढून पाहत आणि दिवेलागणीपर्यंत केळीच्या मळ्यातच थांबत. हयात असलेल्या आत्याला त्यांनी कधी कशाला नाही म्हटले नाही, पण तिच्याशी मोकळेपणाने चार शब्दही बोलले नाहीत. पांडुरंगाच्या तिरकस बोलण्यामागे मला तीच कोंडी दिसते.