मदत हवी आहे : उष्णतेवर चालणाऱ्या सूक्ष्म-ॲक्च्युएटरचा स्पर्श मॉडेलमध्ये फडफडतोय

मंडळी, बेळगाव-खानापूर भागात कुणी मेम्सचं (चिपवरच्या सूक्ष्म यंत्रांचं) सिम्युलेशन करत असेल तर बघा जरा. पॉलिसिलिकॉनचा व्ही-बीम (तापला की टोक पुढे सरकवणारी व्ही आकाराची पट्टी) : अर्धी लांबी 200 मायक्रोमीटर, जाडी 2 मायक्रोमीटर, कोन 2 अंश, टोकापुढे 3 मायक्रोमीटरवर अडवणारा ठोकळा, म्हणजे थांबा. मोकळी हालचाल हाताच्या हिशेबाशी जुळते.

घोळ टेकल्यावर होतो. टोक टेकलं की उष्णता थांब्यात पळते, बीम गार होऊन आखडतो, स्पर्श सुटतो. मग परत तापतो, परत टेकतो. न्यूटन पद्धतीच्या (उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारणाऱ्या) फेऱ्या ह्या दोन अवस्थांतच झुलत राहतात. स्पर्शाची उष्णतावाहकता दाबाच्या 0.95 घातावर घेतलीय. फटीतल्या हवेसाठी k (हवेची उष्णतावाहकता) भागिले फट घेतलं होतं, ते फट शून्याकडे जाताना अनंतात जातं. म्हणून छेदात तापमान-उडीचं अंतर (पृष्ठभागाला लागून हवेचं तापमान एकदम बदलतं, त्याचा हिशेब धरणारी लांबी) मिळवलं. झुलणं कमी झालं, थांबलं नाही. पेनल्टी ताठरता (टोक थांब्यात घुसू नये म्हणून मॉडेलमध्ये धरलेल्या काल्पनिक स्प्रिंगची) दहापट उतरवली तर गणित सुटतं, पण टोक थांब्यात घुसतं, म्हणजे उत्तर खोटंच.

विचारायचं असं : हे झुलणं खरं उष्ण-लवचिक अस्थैर्य आहे की निव्वळ गणिताचा दोष, हे ओळखायचं कसं? वेळेची पायरी निम्मी केल्यावर वारंवारता तशीच राहिली तर खरं मानायचं का? टोकावर मोजकेच उंचवटे टेकतात, तिथे तो सरासरीचा 0.95 चा नियम चालतो का? आमचा तरी त्याच्यावर भरवसा नाही. ऑगमेंटेड लॅग्रांजियन (पेनल्टीला स्पर्शबलाची दुरुस्ती जोडणारी पद्धत) वापरलेल्यांनी पेनल्टी किती ठेवली, तेही सांगा.